उद्या दारात कोण येणार?

वीज हा विषय घेऊन आमदार-खासदारांच्या दारात जाण्याचं काम मी दोन दशकांहून अधिक काळ करते आहे. शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत वीजदराचे प्रस्ताव तपासायला म्हणून लागले आणि ते हिशेब लोकप्रतिनिधींना समजावून सांगायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पुढे त्यात सौरऊर्जा आली, कोळसा आला, हवामानबदल आला. या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, ऊर्जेचे आणि हवामानाचे कायदे करताना ही मंडळी नेमकी कशामुळे हलतात? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'पैशामुळे' हे उत्तर हवं असतं. काही भाबड्या मित्रांना वाटतं, यांना विज्ञान नीट समजावून सांगितलं की काम झालं. मी पाहिलेले आमदार या दोन्ही उत्तरांत बसत नाहीत. त्यांच्या डोक्यात सतत एक प्रश्न चालू असतो: उद्या सकाळी माझ्या दारात कोण येणार आहे आणि मी त्याला काय सांगणार आहे? हवामानाच्या कायद्यांचं भलंबुरं मी या प्रश्नापाशीच ठरताना पाहिलं आहे.

माझी सुरुवात झाली ती जागा मात्र वेगळी होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे अशा ठिकाणी जनसुनावण्या घेई. तिथे ग्राहक संघटना, उद्योजकांच्या संघटना, शेतकरी, कधी एखादा निवृत्त शिक्षक हातात वीजबिल घेऊन उभा राही. आमचं काम आकडे मांडायचं. गळती किती, कोळसा किती दराने घेतला, शेतीपंपांच्या नावावर दाखवलेला वापर खरा किती. मीटर नसलेल्या पंपांच्या वापराचा अंदाज फुगवला की गळती कमी दिसते, हा मुद्दा आम्ही आणि इतरांनी वर्षानुवर्षं लावून धरला, आणि आयोगानेही एकाहून अधिक आदेशांत कंपनीचा दावा कमी करून धरला. हरकत घेतली की आदेशात तिचं लेखी उत्तर येतं. पुरावा पुरेसा असतो अशी सवय त्या जागेने मला लावली.

विधानभवनात ती सवय चालत नाही. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. निवडणूक झाली, तीच आघाडी पुन्हा सत्तेवर आली, आणि २००५ मध्ये सवलत बंद झाली. दोन्ही निर्णयांच्या वेळी खर्चाचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता. एखाद्या वर्गाला सवलत द्यायची तर राज्याने ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायची, हे वीज कायद्याचं कलम ६५सुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात बदललं होतं ते फक्त कॅलेंडर. आम्ही तयार केलेलं पन्नास पानी विश्लेषण दोन्ही वेळा तेवढंच बरोबर होतं आणि दोन्ही वेळा तेवढंच निरुपयोगी.

त्यानंतरची वर्षं भारनियमनाची. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची. त्या काळात मी आमदारांकडे बसून त्यांचे फोन ऐकले आहेत. डीपी जळाला, साहेब. आठ दिवस झाले, ऊस वाळतोय. वायरमन म्हणतो ऑइल नाही. हे फोन रात्री अकरालाही येतात आणि पहाटे पाचलाही. ज्या माणसाला दिवसातून इतक्या वेळा डीपीबद्दल, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, बोलावं लागतं, त्याच्यापुढे आपण शतकाअखेरीच्या तापमानाचा आलेख ठेवतो, तेव्हा तो सभ्यपणे मान हलवतो आणि चहा मागवतो. त्याला शतकाची पर्वा नाही असं मला कधी वाटलं नाही. शतक त्याच्या दारात येऊन उभं राहत नाही, एवढंच.

म्हणून आम्ही कागद बदलला. टिपण एका पानाचं, मराठीत, मोठ्या टायपात. वर मतदारसंघाचं नाव. त्याखाली मतदारसंघातली उपकेंद्रं, प्रत्येक उपकेंद्रावरचे शेतीचे फीडर म्हणजे वीजवाहिन्या, त्यांवरचे पंप, गेल्या वर्षी जळालेले डीपी आणि ते बदलायला लागलेले दिवस. ही माहिती वीज कंपनीच्या कार्यालयांतून मागायची, नाही मिळाली तर माहिती अधिकारात काढायची, आणि गावातल्या माणसाकडून पडताळून घ्यायची, कारण एक फीडर चुकीचा पडला तरी आमदार पुढचं काही वाचत नाहीत. मग तीन ओळींत मागणी. आणि सगळ्यात शेवटी सभागृहात विचारता येईल असा तयार प्रश्न.

हा शेवटचा भाग शिकायला मला बराच काळ गेला. तारांकित प्रश्नाची एक ठरलेली घडण असते. '(१) अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?' पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं उत्तर आलं की पुढच्या सगळ्यांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापून येतं आणि विषय तिथेच संपतो. खात्यातल्या कारकुनाला ही वाट चांगली ठाऊक असते. त्यामुळे पहिल्या भागात असं वाक्य घालायचं की जे सरकारच्याच अहवालात किंवा आयोगाच्या आदेशात छापलेलं आहे. मग किमान 'हे अंशतः खरे आहे' लिहावंच लागतं, आणि त्या 'अंशतः'मधून दुसरा भाग जिवंत राहतो. सभागृहात विचारायची वेळ फार थोड्या प्रश्नांवर येते, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. पण लेखी उत्तर हाही सरकारने सही करून दिलेला कागद असतो. पुढच्या जनसुनावणीत तो आमच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर असे.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन या कामाला सगळ्यात सोयीचं. मुंबईत आमदार विखुरलेले असतात. नागपुरात ते घरापासून लांब असतात आणि सिव्हिल लाइन्सच्या आमदार निवासात सकाळी सातपासून भेटतात. दुपारी यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. एकाच दिवसात वीज कर्मचाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा आणि कंत्राटी कामगारांचा मोर्चा पाहिला की कोणता आमदार कुणासमोर काय बोलेल याचा अंदाज येतो. आमदारांच्या स्वीय सहायकाशी नीट बोलणं हे निम्मं काम. "ताई, आमच्या तालुक्याचं काय आहे यात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर आधी दिल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

अशाच एका सकाळी एक महिला आमदार भेटल्या. ऊर्जेच्या विषयात त्यांनी कधी फारसा रस दाखवला नव्हता. मी टिपण पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "परवा सांत्वनाला गेले होते. सव्वीस वर्षांचा पोरगा. रात्री दोन वाजता पाणी धरायला गेला, साप चावला. बायको मला विचारते, ताई, दिवसा लाइट का देत नाहीत? मी काय सांगू तिला?" शेतीच्या फीडरला तेव्हा काही दिवस दिवसा आठ तास आणि बाकीचे दिवस रात्री दहा तास थ्री फेज वीज मिळायची, कारण दिवसा सगळीकडून मागणी असायची आणि रात्री कोळशाची केंद्रं चालू ठेवायला ग्राहक हवा असायचा. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग दिवसा वीज कुठून येईल?" मी म्हटलं, "ताई, उन्हातून." उपकेंद्राजवळ पाच-दहा एकरांवर किंवा त्याहून थोड्या मोठ्या जागेवर सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. पंप तोच, तारा त्याच, शेतकऱ्याला नवीन काही घ्यावं लागत नाही. आणि कोळशाच्या विजेपेक्षा ही स्वस्त पडते.

त्यांनी लक्षवेधी सूचना लावली. सभागृहात त्या तापमान, कार्बन, पॅरिस करार यातलं काही बोलल्या नाहीत. रात्री पाणी धरणाऱ्या माणसाबद्दल बोलल्या. मग जुन्नर-आंबेगावकडचे आमदार उसातल्या बिबट्याबद्दल बोलले, मराठवाड्यातले थंडीबद्दल, आणि विषय दोन्ही बाजूंच्या बाकांवरून उचलला गेला. माझ्या कामातलं वळण मी तिथे धरते. तोवर मी आमदारांना हवामानाच्या बाजूने आणायचा प्रयत्न करत होते. त्यानंतर मी त्यांच्या दारातल्या माणसाच्या गरजेत हवामानाचा कोणता भाग आधीच दडलेला आहे ते शोधू लागले.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे पहिले प्रयोग झाले. त्यासाठी अनेक संस्थांनी, अधिकाऱ्यांनी, अभ्यासकांनी आपापल्या परीने जोर लावला होता. आमचा वाटा त्यात एका धाग्याइतका. पण आतून पाहताना एक गोष्ट लख्ख दिसली. त्या योजनेला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाचं कारण निराळं होतं. अर्थखात्याला अनुदानाचा बोजा कमी करायचा होता, कारण शेतीला वीज पोचवण्याचा खर्च सरकारच्याच सांगण्याप्रमाणे युनिटला आठ रुपयांच्या आसपास आणि सौरवीज तीन रुपयांच्या आसपास. वीज कंपनीला ठरावीक प्रमाणात अपारंपरिक ऊर्जा खरेदी करण्याचं बंधन पूर्ण करायचं होतं. उद्योजकांच्या संघटनांना शेतीच्या सवलतीपायी त्यांच्या दरात चढणारा भार उतरवून हवा होता. आमदारांना दिवसा वीज हवी होती. ठेकेदारांना काम हवं होतं. हवामानासाठी म्हणून त्या खोलीत आलेलं कुणीच नव्हतं, आमच्यासारखे दोन-चार सोडले तर. तरीही कोळसा कमी जळणार होता.

साखर कारखान्याचे अध्यक्ष असलेल्या एका आमदारांचं बोलणं मला कायम आठवतं. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, वीज करून ग्रीडला विकणारा त्यांचा कारखाना. अपारंपरिक ऊर्जेच्या खरेदीचं बंधन कडक करावं, यासाठी त्यांनी सभागृहात बोलावं अशी आमची विनंती होती. ते म्हणाले, "मी बोलणार, कारण माझ्या कारखान्याचा फायदा आहे. माझ्या सभासदांना त्यातून उसाला दोन पैसे जास्त मिळतात. हे मी सभागृहातही सांगणार आहे. तुम्ही मला पर्यावरणप्रेमी म्हणून कुठे छापू नका." त्यांच्याबरोबर काम करणं सोपं गेलं. आपला फायदा उघड सांगणाऱ्याशी कुठवर बरोबर चालायचं आणि कुठे वाट वेगळी होणार हे आधीच कळतं. उसाच्या पाण्याचा विषय निघाला तेव्हा वाट वेगळी झाली, आणि दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्रास होतो तो कारण लपवणाऱ्यांचा. एक सदस्य दोन अधिवेशनं आमच्या टिपणांवरून उत्तम बोलले, आणि मग एका प्रकल्पाच्या जागेचा व्यवहार झाल्यावर त्या विषयावर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

फीडरवरच्या सौर प्रकल्पाचा खरा सामना कोळशाशी नव्हताच. तो होता सौरपंपाशी. प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा सौरपंप द्यायचा की सगळ्या फीडरला एकच प्रकल्प, या वादात तांत्रिक मुद्दे आमच्या बाजूने होते. जिथे तारा पोचलेल्या आहेत तिथे फीडरचा प्रकल्प माणशी स्वस्त पडतो, आणि उन्हाळ्यात पंप बंद असताना त्याची वीज वाया न जाता ग्रीडला जाते. पण आमदारांचा ओढा पंपाकडे. एकांनी मला ते फार नेमकं सांगितलं. "पंपाला लाभार्थी असतो, ताई. त्याचं नाव असतं, त्याच्या शेतात फोटो निघतो, तो मला ओळखतो. तुमच्या फीडरला लाभार्थी कोण? वीज आली की लोक म्हणणार वीज आली, संपलं." याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, त्यात जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असं तीन वर्षं अनुदान ठेवलं गेलं. त्याबरोबर सरपंच हलले, आणि सरपंचांमागून आमदार. प्रकल्पाला नाव-गाव मिळालं. सौरपंपाची ओढ मात्र संपली नाही. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने फक्त दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. लाभार्थ्यांच्या याद्या आज प्रत्येक आमदाराच्या कार्यालयात आहेत.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक. अनेक गावांत प्रकल्पासाठी गायरान दाखवलं गेलं आणि गुरं-मेंढरं चारणारी घरं विरोधात उभी राहिली. आमच्या पत्रावर सही केलेले एक आमदार अशाच एका ग्रामसभेत विरोधाच्या बाजूने बोलले. माझे सहकारी चिडले. मला त्यांचं वागणं पटलं. पत्रावर सही केली तेव्हा त्यांच्या दारात दिवसा वीज मागणारे बागायतदार होते, ग्रामसभेत त्यांच्यासमोर वीस शेळ्या असलेली बाई होती. दोघंही त्यांचेच मतदार, आणि त्या बाईच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. पुढे त्या गावात पडीक खासगी जमीन भाड्याने मिळाली. सगळीकडे ती मिळत नाही.

दिल्लीतलं काम मला कधी मुंबईइतकं जमलं नाही. तिथे मतदारसंघ लांब असतो आणि पक्ष जवळ. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकतं. त्यामुळे खासदाराचं मन वळवलं म्हणजे मत वळलं असं होत नाही. खासगी विधेयकाची वाट तर जवळजवळ बंदच आहे. १९७० नंतर एकाही खासगी सदस्याच्या विधेयकाचा कायदा झालेला नाही. महाराष्ट्रातल्या एका ज्येष्ठ खासदारांनी पहिल्याच भेटीत मला हे सांगितलं: "मत कुठे द्यायचं ते पक्ष ठरवतो. काय बोलायचं त्यातलं थोडं मी ठरवतो. तेवढ्यासाठी मला साहित्य द्या." थोडी मोकळीक असते ती स्थायी समितीत. तिथे पक्षादेश चालत नाही, दारं बंद असतात, आणि वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य अधिकाऱ्यांना खरेखुरे प्रश्न विचारतात. आत काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून मीही सांगणार नाही. इतकंच म्हणते की विधेयक समितीकडे गेलं तर आमच्यासारख्यांच्या निवेदनाला अर्थ असतो. सतराव्या लोकसभेत समित्यांकडे गेलेल्या विधेयकांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं होतं.

८ ऑगस्ट २०२२ हा दिवस मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. त्या दिवशी लोकसभेत ऊर्जेची दोन विधेयकं होती. एक, वीज कायद्यातली दुरुस्ती, वीजवितरणात एकाच भागात अनेक कंपन्यांना वाव देणारी. तिच्या विरोधात देशभरातले वीज कर्मचारी, अनेक राज्य सरकारं, शेतकरी संघटना उभ्या होत्या. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाच्या मागण्यांमध्येही याच दुरुस्तीचा जुना मसुदा होता. ते विधेयक मांडलं गेलं आणि त्याच दिवशी स्थायी समितीकडे पाठवलं गेलं. मंजूर न होताच ते त्या लोकसभेबरोबर संपलं. दुसरं, ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती. कार्बन क्रेडिटच्या बाजाराला कायद्याचा आधार, उद्योगांना ठरावीक प्रमाणात बिगर-जीवाश्म ऊर्जा वापरायला लावण्याचा अधिकार, मोठ्या निवासी इमारतींनाही ऊर्जाबचतीचे नियम. हवामानाच्या दृष्टीने पुढच्या तीस वर्षांवर परिणाम करणारा कायदा. ते ३ ऑगस्टला मांडलं गेलं, ८ ला लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, १२ डिसेंबरला राज्यसभेत. समितीकडे गेलंच नाही.

हवामानाच्या क्षेत्रातले माझे अनेक मित्र खूश होते. मला त्या दिवशी चिंता वाटली, अजूनही वाटते. जे विधेयक कुणाच्या दारात भांडण लावत नाही ते सहज पुढे जातं, आणि न तपासलेलंही राहतं. कार्बनचा बाजार कोणत्या खात्याने चालवायचा, एकाच बचतीची दोनदा मोजणी कशी टाळायची, हे प्रश्न सभागृहात विचारले गेले होते. समितीत त्यांना वेळ मिळाला असता. आणि ज्या कायद्यामागे भांडणारी माणसं उभी नसतात, तो राबवताना ढिला पडला तर ओरडणारंही कुणी नसतं.

याचा सगळ्यात दुखरा दाखला कोळशाच्या राखेचा आणि गंधकाचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांसाठी धुरातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. त्यासाठी एफजीडी नावाची यंत्रणा बसवायची होती. मुदत २०१७ होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना या यंत्रणेतून सूट मिळाली. हे सगळं अधिसूचनांनी झालं. नियम पटलावर ठेवले जातात, पण त्यावर चर्चा घडवून आणणं फार अवघड. ही यंत्रणा बसवली तर वीज महाग होईल, हे राज्यांचं, वीज कंपन्यांचं आणि उत्पादकांचं म्हणणं होतं आणि ते म्हणणारे मंत्रालयांच्या दारात रोज होते. धूर नाकात जाणारी माणसं चंद्रपूर-कोराडी-परळीत होती.

विदर्भातल्या कोळसापट्ट्यातले एक आमदार या गुंत्याचं चालतंबोलतं रूप. घराच्या अंगणात राख बसते म्हणून त्यांनी सभागृहात आवाज उठवला होता. जुलै २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांत पसरली, त्याचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होते. आणि पुढच्या वर्षी कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली तेव्हा ते खासगीत मला म्हणाले, "मी विरोध करणार नाही. माझ्याकडे आयटीआय झालेली चारशे पोरं अर्ज घेऊन उभी आहेत." मी त्यांना सौर प्रकल्पातल्या रोजगाराबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, उभारणी झाल्यावर पाच मेगावॉटच्या प्रकल्पात कायमची माणसं किती लागतात? मी खरा आकडा सांगितला, तो फार लहान होता. ते पुढे काही बोलले नाहीत. कोळसा सोडण्याचा कायदा या राज्यात कधी यायचा असेल तर त्या चारशे मुलांचं काय, याचं कलम त्यात आधी लागेल. असं कलम लिहिलेला मसुदा आजवर कुणी सभागृहासमोर ठेवलेला नाही. आम्हीही ठेवलेला नाही, कारण ते लिहायला लागणारा पैसा आणि अभ्यास आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पैशाबद्दल. भारतात लोकप्रतिनिधींना कोण भेटतं आणि त्यावर किती खर्च करतं हे जाहीर करायची सक्ती करणारा कायदा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, देणगीदारांच्या याद्या बाहेर आल्या, त्यांत ऊर्जा आणि पायाभूत सुविधांतल्या कंपन्याही होत्या. कोणत्या देणगीने कोणतं कलम बदललं हे त्या याद्यांवरून सिद्ध करता येत नाही, आणि मी तसा दावा करत नाही. पण मोठा उद्योग मसुदा तयार होण्याआधी खोलीत असतो आणि आम्ही मसुदा वेबसाइटवर आल्यावर हरकती पाठवतो, एवढा फरक मी रोज पाहते. आणि प्रश्न आमच्याकडेही वळतो. "तुम्हाला पैसे कोण देतं?" असं एका तरुण आमदारांनी मला भर कार्यकर्त्यांसमोर विचारलं. २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा स्वयंसेवी संस्थांवरचा अहवाल फुटल्यापासून आणि २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो. मला तो रास्त वाटतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक टिपणाच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावं छापलेली असतात. त्या तरुण आमदारांनी पुढच्या अधिवेशनात आमचाच प्रश्न लावला.

आता सगळ्यात अवघड भाग समोर आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना मोफत वीज दिली. एका बाजूला सौर फीडरमुळे ती वीज स्वच्छ होते आहे, दुसऱ्या बाजूला पंपाचं बिलच नसल्यामुळे जुना, दुप्पट वीज खाणारा पंप बदलायचं कारण कुणाला उरलेलं नाही, आणि भूजल उपसायला लगाम नाही. दिवसा वीज हवी म्हणणारा शेतकरी आणि बिल नको म्हणणारा शेतकरी एकच आहे. ज्या दाराचा आधार घेऊन आम्ही सौर फीडरपर्यंत आलो त्याच दाराने मोफत वीजही आली. यावर मी आमदारांना काय सांगावं याचा विचार करताना मला एवढं दिसतं की मोफत विजेला विरोध करायला सांगून एकही आमदार उभा राहणार नाही, आणि राहू नये अशीच त्याची परिस्थिती आहे. पण कमी वीज घेणारा नवा पंप सरकारने बसवून द्यावा, वाचलेल्या युनिटांच्या किमतीतला वाटा शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावा, ही मागणी घेऊन त्याच्या दारात शेतकरी येऊ शकतो. पंप बदलून देण्याची योजना केंद्राने आंध्र आणि इतरत्र करून पाहिली आहे, तिच्यातले गुणदोष माहीत आहेत.

मोफत विजेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. लोकसभेची निवडणूक त्याच सुमाराला आणि विधानसभेची त्याच वर्षअखेरीस. त्याआधी काही अधिवेशनं हातात आहेत. सध्या आम्ही विहिरीवरच्या पंपांची वीज प्रत्यक्ष मोजतो आहोत, तालुका घेऊन, गाव घेऊन, शेतकऱ्याच्या समोर क्लॅम्प मीटर लावून. एका पानाच्या नव्या टिपणात पहिला आकडा तो असेल.